प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट: आवळायचे कसे आणि आवळलेले टिकवायचे कसे

तासगावात माझं लेथचं दुकान आहे. शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलला पोचवणारा फिरता दांडा, घेऊन येणाऱ्यांत द्राक्षबागायतदार जास्त. भंगारात निघालेल्या मारुती ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल घ्यायचा, चौकोनी पाइपची चॅसी बांधायची, मागे क्रेट ठेवायला हौदा करायचा किंवा फवारणीची टाकी बसवायची, असा एकंदर बेत असतो. ओम्नीचा एक्सल पाच फुटांच्या आतला, त्यामुळे दोन ओळींमधून गाडी सहज निघते. आमच्या घरच्या बागेतही अशी एक गाडी आहे. तिचा शाफ्ट मीच कापून लहान केलाय आणि तिचे बोल्टही मीच आवळते.

गाडी बांधणारी माणसं वेल्डिंगवर खूप लक्ष देतात, इंजिनवर तर फारच. शाफ्टचे चार बोल्ट मात्र शेवटी, अंधार पडल्यावर, हाताला येईल त्या पान्याने आवळले जातात. म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे बोल्ट नेमकं काय काम करतात ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बहुतेकांना वाटतं की शाफ्टचा जोर बोल्टाच्या दांड्यावर येतो, म्हणजे बोल्ट खिळीसारखा काम करतो. तसं नाही. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने दोन फ्लँज, म्हणजे शाफ्टच्या आणि एक्सलच्या टोकाच्या सपाट चकत्या, एकमेकांवर दाबल्या जातात. इंजिनचा जोर या दाबलेल्या दोन तोंडांमधल्या घर्षणातून पुढे जातो. घर्षण पुरेसं असेल तोवर बोल्टाला आडवा मार बसतच नाही. दाब कमी पडला की फ्लँज केसभर सरकते. गिअर टाकला की पुढे, ॲक्सिलरेटर सोडला की मागे. त्या सरकण्याने नट सुटतो, भोकं लांबट होतात आणि शेवटी बोल्ट कापला जातो. कापलेला बोल्ट पाहून लोक म्हणतात, बोल्ट कच्चा होता. बऱ्याच वेळा बोल्ट चांगला असतो, दाब नसतो.

हिशेब करून बघा. ओम्नीच्या 796 सीसी इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण 60 न्यूटन मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपट धरला तर शाफ्टवर 210 येतो. आता 8 मिलिमीटरचे चार बोल्ट, 8.8 ग्रेडचे, प्रत्येकी 25 न्यूटन मीटरला आवळलेले. एकेक बोल्ट अंदाजे दीड टनाने दाबतो, चार मिळून सहा टनांच्या वर. बोल्टांचं वर्तुळ 70 मिलिमीटर व्यासाचं धरलं आणि कोरड्या स्वच्छ लोखंडाचं घर्षण 0.15 धरलं, तर फ्लँज 320-330 न्यूटन मीटरपर्यंत सरकणार नाही. म्हणजे जागा आहे, पण फार नाही. चिखलातून भरलेली गाडी काढताना क्लच झटक्यात सोडला की तेवढ्यापुरता शाफ्टवरचा जोर दुप्पटसुद्धा होतो. त्यात फ्लँजच्या तोंडावर रंग किंवा ग्रीस असेल तर घर्षण 0.1वर येतं आणि 210 च्या समोर उरतात जेमतेम 220. म्हणून घरच्या गाडीला मी 10.9 ग्रेडचे बोल्ट वापरते. 8 मिलिमीटरचा 10.9 बोल्ट 35 न्यूटन मीटरपर्यंत आवळता येतो आणि तीच फ्लँज साडेचारशेपर्यंत धरते.

बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. सांगलीच्या गणपती पेठेत नुसता ‘हायटेन्शन बोल्ट’ मागितला तर समोर 8.8 येईल, 10.9 येईल, नाहीतर काही न छापलेला काळा बोल्टही येईल. न छापलेला परत द्या, तो गेटच्या बिजागरीला ठीक आहे. 8.8 मधला पहिला आकडा म्हणजे चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताकद, आणि दुसरा म्हणजे त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत तो ताणून पुन्हा मूळ लांबीवर येतो. 10.9ला 1000 आणि 90 टक्के. नटही त्याच जोडीचा पाहिजे: 8.8ला 8चा, 10.9ला 10चा. 10.9 बोल्टावर साधा नट चढवला की बोल्टाच्या आधी नटाचे आटे जातात. 12.9चा ॲलन बोल्ट मिळाला म्हणून खूश होऊ नका. तो जास्त कडक असतो आणि गंजाच्या जागी अचानक तडकू शकतो. आमच्या बागेत गंजाची कमी नाही, ते पुढे येईलच.

लांबी पण मोजून घ्या. दोन फ्लँज जिथे भेटतात त्या रेषेवर बोल्टाचा गुळगुळीत दांडा यायला हवा, आटे नकोत. आणि नट बसल्यावर दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. फार लांब घेतला तर शाफ्ट फिरताना टोक योकला (क्रॉस धरणाऱ्या दोन बोटांच्या तुकड्याला) घासतं, म्हणून बोल्ट घालून शाफ्ट एकदा हाताने पूर्ण फिरवून बघायचा. जुन्या जीपचा एक्सल बसवला असेल तर तिथे बोल्टांऐवजी यू-बोल्ट असतात. त्यांचा आवळायचा आकडा बराच कमी असतो. जास्त आवळले तर क्रॉसचा, म्हणजे दोन योकांमधल्या अधिकच्या चिन्हासारख्या सांध्याचा, कप दबतो आणि आतल्या सुया अडकतात. त्यामुळे तिथे त्या एक्सलच्या मॅन्युअलमधलाच आकडा घ्यायचा. खरं तर मॅन्युअल हाताशी असेल तर कुठल्याही गाडीला पहिला मान त्याचाच. नसेल तर हे चालतात: 8 मिलिमीटरला 8.8 साठी 25 आणि 10.9 साठी 35 न्यूटन मीटर, 10 मिलिमीटरला 49 आणि 72. हे आकडे कोरड्या किंवा अगदी हलकं तेल असलेल्या आट्यांचे आहेत. आट्यांना ग्रीस फासून तोच आकडा लावला तर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो आणि तुटू शकतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागेवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड नव्हे, लाकडी ठोकळे लावा. मागून जॅकने उचलून एक्सलखाली दोन घोड्या द्या आणि जॅक थोडा खाली सोडून गाडी घोड्यांवर बसू द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, दोन मिनिटांच्या कामाला सुद्धा नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. खाली माणूस आणि वर कुणी पोराने चावी फिरवली, एवढं पुरतं.

शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर एक आडवी रेघ पेंटने मारून ठेवा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. ओम्नीच्या शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीत नुसतं सरकून बसतं, तिथे बोल्ट नाहीत. तो योक बाहेर ओढला की गिअर ऑइल सांडतं. मागची बाजू उचललेली असेल तर कमी सांडतं, तरी जुना योक किंवा घट्ट बसेल असं लाकडी बूच तयार ठेवा.

मग साफसफाई. हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा. दोन्ही फ्लँजच्या तोंडांवर वायर ब्रश मारा, मग कडेला उठलेले बारीक काटे सपाट कानशीने काढा. कानस तोंडावर आडवी फिरवायची, दाब न देता, फक्त वर आलेलं निघेल इतपत. बोट फिरवून बघा, नखाला काही अडकायला नको. मधल्या गोल कडेवर, जिथे एक फ्लँज दुसरीत बसते, तिथे गंजाची खपली राहिली तर शाफ्ट मध्यावर बसत नाही आणि पुढे थरथर सुरू होते. शेवटी थिनरने पुसा. डिझेल किंवा रॉकेलने नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. चॅसी रंगवताना फ्लँजही रंगवल्या असतील तर तोंडावरचा सगळा रंग खरवडून काढा. रंगाचा थर सुरुवातीला कडक वाटतो, पण गाडी चालली की दबतो आणि जेवढा दबला तेवढा बोल्टाचा ताण कमी होतो.

बागेतल्या गाडीचं एक वेगळं दुखणं आहे. फळछाटणीनंतर बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या, फवारण्या सुरू होतात. मोरचुदाचं पाणी लोखंडाला आणि बोल्टावरच्या जस्ताच्या मुलाम्याला खातं. फवारणीची टाकी वाहणाऱ्या गाडीखाली वाकून बघा, नटांवर तांबूस थर दिसेल. तो नुसता गंज नाही, त्यात मोरचुदातलं तांबं उतरलेलं असतं. असा बोल्ट परत वापरू नका. आटे कुरतडलेले असतात, घर्षण वाढलेलं असतं आणि पाना आकडा दाखवतो तेव्हा आतमध्ये ताण निम्मासुद्धा आलेला नसतो. चार बोल्टांचा खर्च एका फवारणीच्या औषधापुढे काहीच नाही.

नवा बोल्ट असो की जुना, नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. (नायलॉक नटाचं वेगळं, तो प्लास्टिकच्या कड्यापर्यंतच हाताने जातो.) मध्ये अडला तर पाना लावून पुढे ढकलू नका. आटे साफ करा, नाहीतर बोल्ट बदला. जुना बोल्ट नव्याशेजारी आटे आट्यांत अडकवून धरा. कुठे फट दिसली तर तो ताणून लांब झालाय, बाजूला टाका.

चारही बोल्ट आधी बोटांनी बसवा. मग समोरासमोरच्या जोडीने, एक आणि त्याच्या समोरचा, नंतर उरलेली जोडी. आधी पान्याने हलके टेकवा, मग निम्म्या आकड्याला सगळे, मग पूर्ण आकड्याला सगळे. एकच बोल्ट पहिल्या झटक्यात पूर्ण आवळला की फ्लँज त्या बाजूला बसते आणि समोर बारीक फट राहते. शाफ्ट फिरू नये म्हणून हँडब्रेक ओढा. प्रत्येक बोल्ट समोर आणायला तो सोडून चाक फिरवा आणि परत ओढा. डोकं दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचं आणि फिरवायचा तो नट. मारुतीच्या मूळ 8 मिलिमीटरच्या बोल्टाला 12चा पाना लागतो, बाजारातल्याला 13चा. दोन्ही खाली घेऊन जा, नाहीतर परत बाहेर यावं लागतं.

टॉर्क रेंच असेल तर उत्तम. टक् आवाज आला की थांबा, परत एकदा ओढून ‘खात्री’ करू नका. काम झालं की त्याची स्प्रिंग खालच्या आकड्यावर सोडून ठेवा, आणि त्याने बोल्ट खोलू नका. पण या जागी अडचण अशी की क्रॉस आडवा येतो आणि गोटी पाना नटावर सरळ बसतच नाही. म्हणून मी रिंग पाना आणि वजनाचा ताणकाटा वापरते, तोच जो माल मोजायला प्रत्येक बागेत लटकलेला असतो. 

रिंग पाना नटावर बसवा. नटाच्या मध्यापासून पान्यावर 20 सेंटिमीटर मोजून तिथे खूण करा आणि सुतळीचा घट्ट फास घाला. फासात काट्याचा हुक अडकवा. काटा आडवा धरून आधी शून्यावर आणा, कारण उभ्याचं शून्य आणि आडव्याचं शून्य वेगळं असतं. आता काटा पान्याशी अगदी काटकोनात ठेवून हळूहळू ओढा. 25 न्यूटन मीटरसाठी काट्यावर पावणेतेरा किलो यायला हवेत, 35 साठी जवळपास 18. आकडा वाचायचा तो पाना फिरत असताना. थांबून परत ओढायला सुरुवात केली तर पहिल्या क्षणी काटा जास्त दाखवतो, कारण अडकलेला नट हलवायला जास्त जोर लागतो. पाना 20 सेंटिमीटरचा नसेल तर हिशेब सोपा आहे: न्यूटन मीटरला मीटरमधल्या लांबीने भागा, परत 9.8ने भागा, किलो मिळतात. ओढताना पाना तिरका झाला की सोडा आणि पुन्हा पकड घ्या.

दुकानात येणारी पोरं विचारतात, “ताई, हाताच्या अंदाजाने नाही का जमत?” पान्याला दिलेल्या जोरातला अर्धा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. हाताला जाणवतं ते घर्षण. बुडाखाली थोडा गंज असला तरी हात म्हणतो, झालं घट्ट.

आता आवळलेलं टिकवायचं कसं. सगळ्यात जास्त विश्वास लोकांचा स्प्रिंग वॉशरवर असतो, आणि इथे तो चुकीच्या जागी आहे. बोल्ट आकड्याला आवळला की स्प्रिंग वॉशर पूर्ण चपटा होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं की नट सुटतात ते मुख्यतः आडव्या हालचालीने, आणि त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आडव्या थरथरीच्या चाचणीत स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. शाफ्टच्या फ्लँजवर तो मी घालत नाही. डोक्याखाली आणि नटाखाली कडक सपाट वॉशर पुरे, आणि मूळ बोल्टाला फ्लँजसारखं रुंद बूड असेल तर तोही नको.

माझी पसंती नायलॉक नटाला. त्यातलं प्लास्टिकचं कडं आट्यांना धरून ठेवतं. तो एकदाच वापरायचा, खोलला की टाकायचा. दोन आटे कड्याच्या पलीकडे आले पाहिजेत, नाहीतर कडं धरतच नाही. साधारण 120 अंशांच्या पुढे प्लास्टिक मऊ पडतं, त्यामुळे सायलेन्सरचा पाइप फ्लँजला अगदी खेटून नेला असेल तर तिथे पूर्ण लोखंडी लॉकनट घ्या. आट्यांत बसवलेल्या बोल्टांना, म्हणजे जिथे नटच नाही, तिथे लॉक्टाइट 243, म्हणजे आटे धरून ठेवणारं निळं द्रव. दोन्हीकडचे आटे थिनरने कोरडे करायचे, दोन-तीन थेंब आट्यांवर, लगेच आकड्याला आवळायचं आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श असला तरच ते घट्ट होतं. हलकं तेल ते चालवून घेतं, पण ग्रीस किंवा जास्त तेल असलेल्या आट्यांवर त्याची पकड कमी पडते. लाल लॉक्टाइट इथे नको, खोलताना गॅसने तापवावं लागतं आणि शेजारी क्रॉसचं सील आहे. जुन्या गाड्यांत पातळ पत्र्याची लॉकप्लेट असते, तिचा कान नटाच्या सपाट बाजूवर वळवतात. एकदा वळवलेला कान सरळ करून परत वळवला की तडकतो, म्हणून तीही दरवेळी नवी. नटावर वेल्डिंगचा टाका मारणारेही भेटतात. वेल्डिंगच्या तापाने 10.9 बोल्टाची ताकदच जाते, त्यामुळे तसं कधीच करू नका.

सगळे बोल्ट झाले की प्रत्येकावर पिवळ्या पेंट मार्करने एक सलग रेघ ओढा: बोल्टाच्या टोकावरून, नटावरून, फ्लँजपर्यंत. मार्कर नसेल तर नेलपॉलिश चालतं. पुढच्या वेळी पाना लावायची गरज नाही, रेघ तुटली आहे का एवढंच टॉर्चने बघायचं. गाडी पहिल्यांदा तासभर चालवून झाली की बघा, कारण नवी तोंडं एकमेकांवर बसताना ताण थोडा उतरतो. नायलॉक असेल तर तेव्हा परत आकड्याला आणा. लॉक्टाइट लावलेला बोल्ट मात्र परत आवळू नका, सुकलेला थर फुटतो. त्याची रेघ सरकली असेल तर पूर्ण काढायचा, साफ करायचा आणि नव्याने लावायचा. त्यानंतर आमच्याकडे खरड छाटणीच्या आणि फळछाटणीच्या आधी एकदा, आणि माल निघायच्या दिवसांत दर आठवड्याला, वाकून बघणं होतं. त्याच वेळी क्रॉसभोवती गुंडाळलेली सुतळी, बांधणीची तार, वेलीच्या काड्या काढायच्या. त्या सीलमध्ये घुसतात.

बरोबर आवळूनही रेघ पुन्हा पुन्हा तुटत असेल तर दोष बोल्टात शोधू नका. घरच्या गाडीत तीन जागा बघायच्या. एक, शाफ्ट कापून लहान करताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत वेल्ड झालेत का. पुढचा आडवा असताना मागचाही आडवाच हवा. तसं नसेल तर प्रत्येक फेरीत शाफ्ट दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो, ते एकमेकांना खोडत नाहीत आणि सगळा मार फ्लँजवर येतो. दोन, गिअरबॉक्स आणि एक्सल यांचा कल. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असावेत, लहान असावेत, पण अगदी शून्यही नकोत, कारण क्रॉसमधल्या सुया थोड्या फिरल्या नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात. कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हल पुरतं. हौद्यात नेहमीचा माल भरून मोजा, रिकामी गाडी वेगळंच सांगते. तीन, सरकणाऱ्या योकला पुढे जागा आहे का. खड्ड्यात पाटे दबले की एक्सल हलतो आणि शाफ्टला पुढे सरकावं लागतं. योक आत टेकला की तो धक्का थेट बोल्टांवर आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. माल भरलेल्या अवस्थेत दोन-अडीच सेंटिमीटर जागा उरलीच पाहिजे. हे तिन्ही ठीक असूनही थरथर येत असेल तर शाफ्ट बॅलन्स करून घ्या. गाडी 40 च्या वेगाने जाते तेव्हा तो मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्या मारत असतो.

रस्त्याचं म्हणाल तर अशी गाडी बागेच्या बांधाबाहेर काढू नका. नियमांप्रमाणे मंजुरी नसलेल्या गाडीची नोंदणी होत नाही. आपल्याच जिल्ह्यात देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बांधली, तेव्हा 2021च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि सोबत हेही लिहिलं की नियमांत बसत नसल्यामुळे ती कधीतरी थांबवली जाईल. पुढच्या महिन्यात त्या जीपच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली.

शेवटचं काम शाफ्टच्या पट्टीचं, आणि ते बोल्ट आवळण्याइतकंच गरजेचं आहे. पुढचा क्रॉस तुटला किंवा योक निसटला तर शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुततं आणि गाडी त्यावर उचलली जाते. ते टोक खाली पडू नये म्हणून शाफ्टभोवती लोखंडी पट्टीचं कडं करून चॅसीला बोल्टने बसवायचं. ड्रॅग रेसिंगमध्ये ते पुढच्या क्रॉसपासून 6 इंचांच्या आत, 2 इंच रुंद आणि पाव इंच जाड पट्टीचं लागतं. आपण तेच माप घेतलं तर काही बिघडत नाही. कडं खालून पूर्ण बंद हवं. शाफ्ट आणि कडं यांच्यात सगळीकडून बोटभर जागा ठेवा, आणि ती दोनदा तपासा: एकदा मागची चाकं हवेत लोंबकळत असताना, एकदा हौदा पूर्ण भरून.